किड्यांचीं छायाचित्रें आणि एका मिलिमीटरचा हिशेब

छायाचित्रणाची हौस एके काळीं फार थोड्या घरांपुरती होती. काळ्या कापडाखालीं मान घालून उभा राहणारा एखादा काका किंवा मामा, एवढाच काय तो त्या विद्येचा धनी असे. आतां घरांतील बहुतेकांच्या हातांत कॅमेरा आहे. आणि घरच्या माणसांचीं व सणासमारंभांचीं चित्रें काढून झालीं म्हणजे मुलांची नजर परसांतल्या किड्यामुंग्यांकडे वळते, असा पुष्कळांचा अनुभव असेल. आमच्या मतें ही हौस उत्तेजन देण्याजोगी आहे. तिच्यासाठीं प्रवास करावा लागत नाहीं, आणि जें रोज आपल्या पायाखालून जातें तें निदान एकदां तरी नीट पाहिलें जातें. परंतु ह्या वाटेवर पहिल्याच पावलाला एक धोंड आडवी येते. फूल स्पष्ट येतें, पान स्पष्ट येतें. ज्याच्यासाठीं एवढा खटाटोप केला तो किडा मात्र धुरकट. शंभर चित्रें काढावीं आणि त्यांतलें एकहि कोणास दाखविण्याजोगें नसावें, असें होतें. मग दोष कॅमेऱ्यास दिला जातो, व अधिक किंमतीच्या कॅमेऱ्यासाठीं वडिलांपाशीं हट्ट सुरू होतो.

तो हट्ट पुरविण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं व हौशी मुलांनींहि वाचावा म्हणून हा लेख लिहीत आहों. त्यास निमित्त झाली ती आमच्याच घरांतील एक गोष्ट. आणि ती सांगतांना आम्हांस स्वतःचा एक दोष कबूल करावा लागणार आहे.

एका चतुराची गोष्ट

वाईस आमचें जुनें घर आहे. मागें परस, परसांत आड, आडाशेजारीं कढीलिंब व जास्वंद. दिवाळीला चारी भावांचीं बिऱ्हाडें तेथें एकत्र जमतात. दोन वर्षांपूर्वींच्या दिवाळींत आमची धाकटी पुतणी दहावींत होती, व तिला नुकताच कॅमेऱ्याचा नाद लागला होता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं कपडे वाळत घालण्याच्या तारेला एक पिवळसर चतुर लोंबकळत विसाव्यास बसला. उजेड जाईपर्यंत मुलीनें त्याचीं चित्रें काढलीं, सारीं धुरकट. शेवटीं ती रडकुंडीस येऊन आमच्याकडे आली.

“काका, हा एक क्षण तरी स्वस्थ बसेल तर शपथ! वारा आला कीं तार हलते, आणि तार हलली कीं हा हलतो.”

आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतों. डोकें वर न काढतां आम्हीं म्हटलें, “थंडींत किडे सुस्त होतात. डबींत घालून घटकाभर फ्रिजमध्यें ठेव, म्हणजे हवीं तेवढीं चित्रें काढ.”

मुलीनें तसें केलें. पुढें पूजेची गडबड, फराळ, फटाके. डबीची आठवण कोणास राहिली नाहीं. बासुंदीच्या पातेल्यास जागा करण्यासाठीं कोणीतरी ती डबी बर्फाच्या कप्प्यांत सरकविली. सकाळीं ती उघडली तेव्हां चतुर निश्चल झाला होता, तो कायमचाच. मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग तिनें त्याला खिडकीपाशीं पांढऱ्या कागदावर ठेविलें व चाळीस चित्रें काढलीं. ना वारा, ना हालचाल. चित्रें अतिशय स्पष्ट आलीं. पंखांची शीर न् शीर मोजून घ्यावी! घरांत सर्वांनीं वाहवा केली, आणि त्यांत आम्हीहि होतों.

आमच्या मातोश्रींनीं मात्र चष्मा लावून चित्र बराच वेळ न्याहाळलें. “छान आलें हो,” त्या म्हणाल्या, “पण बाळ, ह्याचे डोळे असे मातकट कां? काल कपडे काढतांना मीं पाहिला, तेव्हां वरून तांबूस नि खालून निळसर होते.”

त्यांचें म्हणणें खरें होतें. चतुराच्या डोळ्यांचा रंग प्राण गेल्यावर टिकत नाहीं. तो लवकरच काळवंडतो. पुढें पुस्तकें पाहिलीं तेव्हां हेंहि कळलें कीं, पावसाळ्याअखेर आपल्याकडे थव्यांनीं दिसणारा हा चतुर पँटाला फ्लॅव्हेसेन्स ह्या जातीचा होता. ह्या जातीचे चतुर ऑक्टोबरच्या सुमारास हजारोंच्या संख्येनें मालदीव बेटांवर उतरतात; तेथें राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन ह्यांनीं त्यांच्या नोंदी ठेवून २००९ सालीं असें मत मांडलें कीं, ते हिंदुस्थानांतून निघून वाऱ्याच्या साहाय्यानें समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत. दीड-दोन इंचांचा जीव, आणि एवढी मजल! तसल्या प्रवाशाला आम्हीं चहाच्या पेल्याबरोबर दिलेल्या एका सल्ल्यानें बर्फांत घातलें होतें.

पुतणीनें आम्हांस बोल लाविला नाहीं, परंतु “मग जिवंत किड्याचें चित्र स्पष्ट काढायचें तरी कसें, काका?” हा तिचा प्रश्न आम्हांस टाळतां येईना. गेलीं दोन वर्षें आम्ही दोघें त्या प्रश्नाच्या मागें आहों. त्यांतून जें हातीं आलें तें पुढें देत आहों.

पापडाएवढी जागा

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, किड्याचें चित्र धुरकट येतें तें बहुधा भिंग वाईट असल्यामुळें नव्हे. दहा-बारा फुटांवर उभ्या असलेल्या माणसाचें चित्र घेतांना त्याच्या पुढची-मागची कित्येक फूट जागा स्पष्ट येते. जसजसें जवळ जावें तसतशी ही जागा झपाट्यानें आकसते. समजा, कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद आहे, आणि त्यावर किड्याची प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराएवढीच पडत आहे. अशा वेळीं भिंगाच्या छिद्राचा आंकडा ८ ठेविला तर स्पष्ट येणाऱ्या जागेची जाडी सुमारें एक मिलिमीटर भरते. आंकडा २.८ ठेविला, म्हणजे छिद्र मोठें केलें, तर ती एक तृतीयांश मिलिमीटर. आणि १६ ठेविला तर जवळजवळ दोन मिलिमीटर.

हा हिशेब डोळ्यांपुढें आणण्यासाठीं आम्हीं घरांत एक युक्ति काढली. भिंगासमोर ठराविक अंतरावर एक अदृश्य पापड उभा धरला आहे अशी कल्पना करावी. कॅमेरा जिकडे वळेल तिकडे पापड वळतो, पण तो नेहमीं कॅमेऱ्याच्या पाठीशीं समांतर राहतो. किड्याचा जेवढा भाग त्या पापडांत सांपडेल तेवढाच स्पष्ट. पुढें आलेला किंवा मागें राहिलेला सर्व भाग धुरकट. ह्यापुढचा सगळा खटाटोप हा एवढाच, कीं पापड कोठें धरावयाचा हें आधीं ठरवावें, आणि मग तो तेथें नेमका नेऊन टेकवावा.

आपली सातेरी मधमाशी डोक्यापासून शेपटापर्यंत सुमारें एक सेंटिमीटर भरते. ती समोरून पाहिली तर डोळे पापडांत येतात, आणि पंखांचीं टोकें सात-आठ मिलिमीटर मागें धुक्यांत राहतात. तीच अगदीं बाजूनें पाहिली तर डोळा, छाती, पंख व पोट हीं जवळजवळ एकाच पातळींत येतात, व सबंध माशी त्याच एक मिलिमीटरांत मावते. फुलपाखराचे मिटलेले पंख म्हणजे तर जणुं पापडासारखाच पापड. कॅमेऱ्याची पाठ त्यांच्याशीं समांतर ठेविली कीं काम झालें. तेव्हां पहिला नियम असा, कीं किड्याला वळवूं नये, आपण वळावें. दोन बोटें डावीकडे सरकल्यानें जें साधतें तें दुप्पट किंमतीच्या भिंगानें साधत नाहीं.

दुसरा नियम डोळ्यांचा. सर्व शरीर पापडांत मावत नसेल तर निदान जवळचा डोळा तरी मावलाच पाहिजे. डोळा स्पष्ट असला म्हणजे बाकीचा धुरकटपणा पाहणारा माफ करतो. डोळा हुकला तर पाय कितीहि स्पष्ट असोत, चित्र फुकट. माणसांतहि आपण बोलतांना डोळ्यांकडेच पाहतों, नाहीं का?

तिसरा नियम लोभ आवरण्याचा. नवशिका किड्याला चित्रभर मोठा करावयास पाहतो. तसें न करतां थोडें मागें सरावें. खऱ्या आकाराऐवजीं निम्म्या आकाराची प्रतिमा घेतली, तर त्याच ८ च्या छिद्रावर पापडाची जाडी एकावरून जवळजवळ तीन मिलिमीटरांवर जाते. आकार निम्मा झाला, पण स्पष्ट जागा तिप्पट झाली. हा सौदा वाईट नाहीं. हल्लींच्या कॅमेऱ्यांत चित्र मागाहून कापून मोठें करण्यास भरपूर वाव असतो.

छिद्र किती लहान करावें?

वाचकांपैकीं चौकस मंडळी येथें विचारतील, कीं छिद्र लहान केल्यानें पापड जाड होतो, तर तें शक्य तितकें लहानच कां करूं नये? आमच्या पुतणीनेंहि हेंच केलें होतें. ह्यांत दोन अडचणी आहेत. एक तर प्रकाश फार घटतो. किड्याची प्रतिमा खऱ्या आकाराएवढी घेतांना भिंग सेन्सरपासून दूर गेल्यासारखें होतें, व छिद्राचा आंकडा व्यवहारांत दुप्पट ठरतो. आपण १६ लावला तरी तो ३२ सारखा वागतो, आणि पोंचणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. दुसरी अडचण प्रकाशाच्या स्वभावांतच आहे. अरुंद छिद्रांतून जातांना प्रकाशाचा किरण कडांशीं पसरतो. छिद्र फार बारीक केलें म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा एक लहानसा डाग बनतो, आणि मग पापड जाड असूनहि त्यांतलें सर्वच किंचित् बोथट दिसूं लागतें. ह्या दोन्ही बाजू संभाळून मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत ८ ते ११ हा आंकडा बहुधा उत्तम ठरतो. त्याहून पुढें जाणें म्हणजे एका हातानें मिळवून दुसऱ्या हातानें घालविणें होय.

सुईंत दोरा ओवावा तसें

आतां पापड नेमका डोळ्यावर टेकवावयाचा कसा? आपोआप फोकस करणारी योजना ह्या कामांत गोंधळून जाते. भिंग पुढें-मागें घरघरत राहतें, आणि शेवटीं मागच्या एखाद्या पानाला जाऊन चिकटतें. म्हणून ती योजना बंद करावी. भिंगावरची फोकसची कडी फिरवून किडा केवढा हवा तें ठरवावें, आणि कडीला पुन्हां हात लावूं नये. मग सुईंत दोरा ओवतांना दोरा पुढें न्यावा त्याप्रमाणें कॅमेऱ्यासकट आपणच हळूहळू पुढें वांकावें. डोळा लखलखीत दिसतांच कळ दाबावी. श्वास अर्धा सोडून क्षणभर धरला तर हात कमी कांपतो. एका चित्रावर भिस्त ठेवूं नये. पुढें वांकत असतां पांच-सहा चित्रें लागोपाठ घ्यावीं, म्हणजे त्यांतील एखाद्यांत तरी पापड बरोबर जागीं बसतो.

शरीरास टेकू हवा. उभ्यानें हें काम होत नाहीं. पाटावर बसून कोंपर गुडघ्यांवर टेकावेत. नाहींतर घरांतली वडिलांची काठी मागून घ्यावी आणि ती जमिनीवर टेकवून तिच्यासकट कॅमेरा धरावा. ज्या डहाळीवर किडा आहे ती डाव्या हाताच्या दोन बोटांनीं अलगद धरून त्याच हातावर भिंग टेकवितां आलें तर फारच उत्तम, कारण मग डहाळी व कॅमेरा बरोबरच हलतात, आणि मधलें अंतर बदलत नाहीं. किडा बुजरा असेल तर एका काठीला कपड्यांचा चिमटा बांधून ती डहाळीशेजारीं रोवावी, व चिमट्यानें डहाळी धरावी. वाऱ्याचा निम्मा त्रास तेवढ्यानें जातो.

राहिला प्रश्न प्रकाशाचा. फ्लॅश मंद करून वापरला तर त्याचा लखलखाट सेकंदाच्या सहस्रांशाहूनहि कमी काळ टिकतो, आणि तेवढ्या काळांत हाताचा कंप चित्रांत उमटत नाहीं. मात्र उघडा फ्लॅश किड्याच्या तुळतुळीत पाठीवर पांढरे डाग पाडतो. स्वयंपाकघरांतला बटर पेपर चौकटीवर ताणून फ्लॅशच्या पुढें बांधला म्हणजे उजेड मऊ होतो. फ्लॅश नसेल तर सेकंदाच्या अडीचशेंव्या भागाहून शटरचा वेग कमी करूं नये. त्यासाठीं आयएसओ वाढवावा लागला तरी चालेल. चित्रांत थोडी रवाळ छटा आली तर ती खपते, हात हललेला खपत नाहीं.

ज्यांच्याजवळ केवळ मोबाइल आहे त्यांनीं खट्टू होऊं नये. मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळें त्याचा पापड उलट जाड असतो. त्याचें मुख्य भिंग फार जवळचें पाहूं शकत नाहीं, एवढेंच. चित्र धुरकट दिसूं लागलें कीं स्पष्ट होईपर्यंत मागें सरावें, आणि नंतर चित्र कापून मोठें करावें. जवळच्या चित्रांसाठीं कांहीं मोबाइलांत वेगळी सोय असते, व चिमट्यासारखीं बसवावयाचीं लहान भिंगेंहि मिळतात. पडद्यावर किड्याच्या जागीं बोट दाबून धरलें म्हणजे बहुतेक मोबाइलांत फोकस कायम होतो; मग वर सांगितल्याप्रमाणें आपणच पुढें-मागें डुलावें. आणि आरंभीं भिंग मऊ कापडानें पुसावें. खिशांतल्या मोबाइलच्या भिंगावर तेलकट बोट उमटलेलें नसेल तरच नवल!

किडा स्थिर कसा राहावा?

एवढें सर्व साधलें तरी मूळ अडचण उरतेच. किडा जिवंत आहे, आणि जिवंत वस्तु हलते. ही तक्रार कॅमेऱ्याहून फार जुनी आहे. इंग्लंडांत रॉबर्ट हूक ह्या शास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकांतून पाहिलेल्या वस्तूंचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत पिसू, माशीचे डोळे, उवा ह्यांचीं मोठमोठीं चित्रें आहेत. त्याला सर्वांत छळलें तें मुंगीनें. मारून पाहावी तर ती आकसून जाई. तिचे पाय मेणांत किंवा सरसांत चिकटवावे तर ती अंग पिळवटून घेई. शेवटीं त्यानें तिला ब्रँडींत बुडविलें. मुंगी झिंगून निपचित पडली, व त्याचें चित्र पुरें झालें. तासाभरानें मुंगी शुद्धीवर येऊन चालती झाली, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. आमची पुतणी हें वाचून म्हणाली, “म्हणजे काका, साडेतीनशें वर्षांपूर्वींचा फ्रिजच कीं हा!” आम्ही काय उत्तर देणार?

हूकनें आणखी एक गोष्ट केली, ती मात्र अनुकरणीय आहे. एकाच दृष्टिक्षेपावर तो विसंबला नाहीं. वस्तु निरनिराळ्या बाजूंनीं व निरनिराळ्या प्रकाशांत पुन:पुन्हां पाहून मग त्यानें चित्र रेखाटलें. आजचे छायाचित्रकार हेंच यंत्रानें करितात. पापड किड्याच्या डोळ्यापासून पाठीपर्यंत थोडथोडा सरकवीत अनेक चित्रें घ्यावयाचीं, व प्रत्येकांतला स्पष्ट भाग तेवढा उचलून संगणकानें एक सलग चित्र बनवावयाचें. लेव्हन बिस ह्या इंग्रज छायाचित्रकारानें ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयांत २०१६ सालीं मांडलेलीं किड्यांचीं प्रचंड चित्रें ह्याच रीतीनें झालीं आहेत. एकेका चित्रासाठीं त्यानें आठ ते दहा हजार छायाचित्रें घेतलीं, आणि प्रत्येक दोहोंच्या दरम्यान कॅमेरा मिलिमीटरच्या शंभराव्या भागानें पुढें सरकविला. हीं चित्रें पाहून घरच्या मुलांनीं हिंमत सोडूं नये, म्हणूनच ही हकीकत सांगितली. ते किडे संग्रहालयांत टांचणीला लाविलेले, पूर्वींच मेलेले नमुने होते. परसांतल्या जिवंत किड्याकडून त्या स्पष्टतेची अपेक्षा धरणें म्हणजेच फ्रिजचें दार उघडणें होय.

जिवंत किड्याला स्थिर करण्याचें काम निसर्ग रोज फुकट करीत असतो, हें आमच्या फार उशिरां ध्यानांत आलें. किड्यांच्या अंगांत आपल्यासारखी कायमची ऊब नसते. रात्रीच्या गारठ्यानें त्यांचे स्नायु आखडतात, आणि ऊन अंगावर येईपर्यंत त्यांना उडतां येत नाहीं. कार्तिक-मार्गशीर्षांत पहाटे परसांत जावें. चतुर, टाचण्या, फुलपाखरें दंवानें भिजून गवताच्या काड्यांना बिलगलेलीं असतात. त्या वेळीं वाराहि बहुधा पडलेला असतो. तारेवरचा आमचा चतुर दुसऱ्या दिवशीं पहाटे तेथेंच बसलेला सांपडला असता. आम्हांला एक रात्र धीर धरवला नाहीं.

दिवसा जावयाचें असेल तर किड्याच्या नजरेचें भान ठेवावें. चतुराच्या एका डोळ्यांत पंचवीस हजारांहून अधिक बारीक भिंगें असूं शकतात. माशीची दृष्टि इतकी चपळ असते, कीं सेकंदांत दोनशेंहून अधिक वेळां लुकलुकणारा दिवा तिला लुकलुकतांना दिसतो. आपल्याला तो साठाच्या आसपासच अखंड भासूं लागतो. आपली झटपट हालचाल तिला रेंगाळल्यासारखी दिसते, मग ती निसटेल नाहीं तर काय? म्हणून खालून, अतिशय हळू, आणि आपली सांवली तिच्यावर न पडेल अशा बाजूनें जावें.

कढीलिंबावरची सकाळ

गेल्या भाद्रपदांत पुतणी गणपतीसाठीं वाईस आली. कढीलिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या होत्या; त्यांतल्या मोठ्या झालेल्या हिरव्यागार बनल्या होत्या. लिंबाच्या कुळांतल्या झाडांवर वाढणारें काळें-पिवळें फुलपाखरूं तें हेंच. पूर्वीं आमच्याकडे ह्या अळ्या झाडून टाकीत असत. ह्या वेळीं वहिनींनीं फोडणीसाठीं दुसऱ्या फांदीचीं पानें तोडलीं. एका अळीनें खोडालगत कोश केला. तो काळसर पडून आंतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसूं लागली, तेव्हां पुतणीनें ओळखलें कीं वेळ आली आहे.

दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं ती पाट घेऊन झाडाखालीं बसली. आम्हीहि शेजारीं बसलों. वर्तमानपत्र घेतलें नव्हतें. सातच्या सुमारास कोश उकलला. चुरगळलेल्या कागदासारखे पंख घेऊन तें फुलपाखरूं बाहेर आलें व कोशालाच उलटें लोंबत राहिलें. पंख भरून वाळेपर्यंत त्याला उडतां येत नाहीं. तासभर तरी तें जागचें हलत नाहीं. कोणी थंडीनें आखडविलें नाहीं, कोणी बांधलें नाहीं. पुतणीनें घाई केली नाहीं. पंख ताठ झाल्यावर कॅमेऱ्याची पाठ त्यांच्याशीं समांतर करून तिनें सबंध फुलपाखरूं घेतलें. मग पुढच्या बाजूस सरकून, पापड नेमका डोळ्यावर ठेवून, तोंडाचें चित्र घेतलें. कळ दाबण्यापूर्वीं ती श्वास धरी, तेव्हां आमचाहि श्वास आपोआप थांबे.

दुपारीं चित्रें पाहतांना मातोश्रींनीं पुन्हां चष्मा लावला. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, “अगं, ह्याची सोंड दुहेरी आहे कीं काय? दोन केसांसारखी दिसते.”

घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. पुस्तक काढून पाहिलें तेव्हां उलगडा झाला. फुलपाखराची सोंड जन्मतः दोन वेगळ्या पन्हळींची असते. कोशांतून बाहेर आल्याबरोबर तें त्या पुन:पुन्हां गुंडाळून व उलगडून एकमेकींत बसवितें, तेव्हां त्यांची मध शोषण्याची एक नळी होते. दोन पन्हळी जुळत असतांचा तो क्षण मुलीच्या चित्रांत आला होता, आणि चित्र केसभर धुरकट असतें तर आजींना तो दिसता ना.

तें फुलपाखरूं नऊच्या आधींच गड्याच्या भिंतीवरून पलीकडे निघून गेलें. त्याचें चित्र आतां माजघरांत लाविलें आहे. त्याच्याशेजारीं पुतणीनें आपण होऊन त्या चतुराचेंहि चित्र लाविलें. काढून टाकूं का, म्हणून आम्हीं विचारलें तर ती नको म्हणाली. येणारे-जाणारे दोन्ही चित्रांची तारीफ करितात. मातकट डोळ्यांविषयीं कोणी विचारलें, तर उत्तर देण्याचें काम तिनें आमच्याकडे सोपविलें आहे.